मामा निर्दोष सुटला, त्यानंतरचं वर्ष

जामीन कसा मिळवायचा, पॅरोलचा अर्ज कुणाकडे द्यायचा, शिक्षेतली सूट कशी मोजतात, हे शोधलं की सापडतं. निर्दोष सुटलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कुठल्या खिडकीवर जायचं, हे मात्र मला कुठेच मिळालं नाही. म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही काय काय केलं ते लिहून ठेवतेय. मी वकील नाही, पतसंस्थेत कारकून आहे. कागदांची सवय असल्यामुळे घरच्यांनी फाइल माझ्या हातात दिली, एवढंच.

मामाला २००९ च्या उन्हाळ्यात खुनाच्या आरोपावरून अटक झाली. २०१२ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप आणि ५,००० रुपये दंड ठोठावला. पहिल्या वकिलासाठी दीड एकर विकली, ती गेलीच. अपिलाच्या वेळी हातात काही उरलं नव्हतं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा उपसमितीने वकील दिला. फुकटचा वकील काय कामाचा, असं गावात सगळे म्हणत होते. त्याच वकीलबाईंनी अपील शेवटपर्यंत लढवलं. जून २०२४ मध्ये निकाल लागला. मयतासोबत मामाला शेवटचं पाहिलं असं सांगणाऱ्या साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी तीन आठवडे उशिरा नोंदवला होता, उशीर का झाला हे कुणालाच सांगता आलं नव्हतं, आणि कुऱ्हाड जप्त करतानाचा पंच उलटतपासणीत टिकला नव्हता. पुराव्याची साखळी जुळत नाही, आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येते. पंधरा वर्षांनी.

निकाल लागला त्या दिवशी माणूस घरी येत नाही, हे आधीच समजून घ्या. आम्ही गाडी ठरवून बसलो होतो. आदेश खंडपीठातून सत्र न्यायालयात, तिथून कारागृहात, असा प्रवास होतो, आणि मध्ये शनिवार-रविवार आला की तोही धरायचा. शिवाय निर्दोष सुटलेल्या माणसालाही एक जातमुचलका द्यावा लागतो. सरकार वरच्या कोर्टात गेलंच तर हजर राहीन, अशी सहा महिन्यांची हमी. आमच्या वेळी ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३७अ होतं. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात हेच कलम ४८१ आहे. आमचं १५,००० च्या जातमुचलक्यावर भागलं. कुठे जामीनदारही मागतात, म्हणून एका नातेवाइकाचा ताजा सातबारा काढून ठेवा.

कारागृहातून निघताना काय काय मागून घ्यायचं, हे मला वकीलबाईंनी आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं, म्हणून बरं झालं. एक, सुटकेचा दाखला, त्यावर फोटो आणि अंगावरच्या खुणा असतील तर उत्तम. दोन, दवाखान्याचे कागद. मामाला आतच साखर निघाली होती. तीन, केलेल्या कामाचा दाखला. मामा शेवटची बरीच वर्षं सुतारकामाच्या कारखान्यात होता. चार, कमाईच्या खात्याचा लेखी हिशोब. गेटवर उभं असताना हे काही सुचत नाही. मामी तर नुसती पिशवीच धरून उभी होती.

पहिला महिना कागदांचा नव्हताच. संध्याकाळी पाच वाजले की मामा जेवायला बसायचा, कारण आत टाळेबंदीच्या आधी तेव्हाच जेवण वाटतात. नऊ वाजता घरातले जेवायला बसले की तो ताटाकडे नुसता बघत राहायचा. रात्री दिवा बंद केला की उठून बसायचा. बरॅकमध्ये रात्रभर दिवा चालू असतो, अंधारात झोपायची सवयच मोडली होती. मामीने न्हाणीघरातला दिवा चालू ठेवायला सुरुवात केली आणि दार किलकिलं केलं, मग लागला डोळा. पॅरोलवर तो मध्ये आला होता, आजी गेली तेव्हा, पण रोज ठाण्यात हजेरी असायची. घर आणि ठाणं सोडून बाहेर काय बदललं, ते त्याने पाहिलंच नव्हतं.

गावात राहायचं की नाही, हा प्रश्न आम्ही पहिल्याच आठवड्यात सोडवला. चार जण हार घेऊन आले होते, मामाने घालून घेतला नाही. ज्यांचा माणूस मारला गेला त्यांचं घर तिसऱ्या आळीत आहे. मामाने मारलं नाही, एवढं कोर्टाने सांगितलं. कुणी मारलं, हे त्यांना पंधरा वर्षांनंतरही कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या दारावरून याने रोज जायचं आणि त्यांनी रोज बघायचं, हे मला दोन्ही बाजूंनी नको वाटलं. तालुक्याला माझ्या घराजवळ दोन खोल्या पाहिल्या. भाडं अडीच हजार. मामीला गाव सोडणं जड गेलं, तिने तिथेच कापूस वेचून पोरं वाढवली होती. अजूनही ती सणाला एकटी जाऊन येते.

वरच्या कोर्टात जायला सरकारला नव्वद दिवस असतात. त्या काळात सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मी रात्री झोपण्याआधी नाव टाकून बघायचे. मामाला सांगत नव्हते. नव्वद दिवस उलटल्यावर वकीलबाई म्हणाल्या, उशीर माफ करून घेऊन नंतरही जाता येतं, पण आता शक्यता कमी. तेवढ्यावर समाधान मानलं.

आता कागद. सगळ्यात आधी निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा, एकच नको, तीन तरी. उच्च न्यायालयाच्या साइटवरून निकाल कुणालाही उतरवून घेता येतो, पण तो प्रिंट सरकारी टेबलावर चालत नाही. नकलेचा अर्ज, तिकीट, पानांचे पैसे असं सगळं मिळून काहीशे रुपये जातात. मूळ नक्कल कधीच कुणाला देऊ नका, दाखवा आणि झेरॉक्स द्या.

मग आधार. देशातलं पहिलं आधार सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. मामा त्याच्या आदल्या वर्षी आत गेलेला. म्हणजे आधार नाही, आधार नाही म्हणून सिम नाही, सिम नाही म्हणून ओटीपी नाही, आणि बँकेत गेलं की आधी आधार दाखवा. तुमचा माणूस अजून आत असेल तर हे काम आतच करून घ्या. कारागृहाने सही-शिक्क्यानिशी दिलेला कैद्याच्या प्रवेशाचा कागद आधार नोंदणीला पुरावा म्हणून धरतात, आणि कारागृहात शिबिरंही लागतात. बाहेर आल्यावर आमच्याकडे पुरावा म्हणून होतं काय? एक सुटकेचा दाखला. त्यावर मामाच्या नावापुढे ‘ऊर्फ’ लावून असं एक नाव होतं, ज्याने त्याला घरातल्या, गावातल्या कुणीच कधी हाक मारलेली नाही. ते एफआयआरमध्ये कुणी घातलं देव जाणे. तिथून ते आरोपपत्रात, निकालात, कारागृहाच्या रजिस्टरात, सगळीकडे उतरत गेलं. ऑपरेटर म्हणाला, हे दोन माणसांचं नाव आहे.

यातून वाट काढली ती अशी. मामा ज्या जिल्हा परिषद शाळेत चौथीपर्यंत शिकला तिथून निर्गम उतारा काढला. मुख्याध्यापकांनी जुनी रजिस्टरं कपाटाच्या तळातून काढून दिली, एका शब्दाने का कशासाठी विचारलं नाही. त्यावर खरं नाव आणि जन्मतारीख मिळाली. पत्त्यासाठी आधारच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, फोटोवर सही आणि शिक्का अर्धा-अर्धा पडलेला. ते नगरसेवक देऊ शकतो, पण नगरपालिकेच्या निवडणुका रखडलेल्या, प्रशासक बसलेला, नगरसेवक आणायचा कुठून? शेवटी एका राजपत्रित अधिकाऱ्याने सही दिली. हे प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं, तेव्हा बाकी तयारी झाल्यावरच घ्या. नवी नोंदणी फुकट असते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जुलैच्या मध्यात नोंदणी झाली, नंबर आला सप्टेंबरमध्ये. ‘ऊर्फ’साठी तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र केलं की दोन्ही नावांची व्यक्ती एकच. हे प्रतिज्ञापत्र पुढे इतक्या ठिकाणी लागलं की मी त्याच्या झेरॉक्स पर्समध्येच ठेवत होते.

आधार आल्यावर गाडी हलली. जनधनचं शून्य शिलकीचं खातं एका दिवसात झालं. रेशनकार्ड ऑनलाइन झाली त्या काळात मामाचं नाव वगळलं गेलं होतं. ते पुन्हा चढवायला अर्ज केला, दिवाळीनंतर चढलं. मतदार यादीसाठी फॉर्म ६ भरला. ते ऑनलाइन होतं आणि खरोखर सोपं आहे. साखरेच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात केसपेपरवर मिळतात. दातांचं मात्र खाजगीत करावं लागलं, चार काढले, साडेतीन हजार गेले.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. मतदानाची चिठ्ठी घरी आली त्याच आठवड्यात एक पोलीस शिपाईही आला, नोटीस घेऊन. निवडणुकीच्या काळात शांतता राखण्याचं बंधपत्र का घेऊ नये, याचा खुलासा करा. जुन्या कायद्यात याला कलम १०७ म्हणायचे, आता १२६ आहे, लोक ‘चॅप्टर केस’ म्हणतात. गावच्या ठाण्याच्या यादीत मामाच्या नावापुढे अजून खुनाचं कलम ३०२ होतं आणि त्यापुढे काहीच नव्हतं. पाच महिने झाले होते निकालाला. मामाने नोटीस वाचली आणि कपडे घालून, चप्पल पायात अडकवून दारात उभा राहिला. शिपाई म्हणाला, अहो आता नाही यायचं, तारीख दिलीय. तरी मामा तसाच उभा.

खुलासा मी लिहिला. एक पान, निकालाची नक्कल जोडून. तारखेला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी निकालाचं शेवटचं पान वाचलं आणि पाच मिनिटांत प्रकरण बंद केलं. पण त्याने यादी बदलत नाही. त्यासाठी ठाण्याला आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाला वेगळा अर्ज द्यावा लागतो: अमुक अपिलात अमुक तारखेला निर्दोष मुक्तता झाली आहे, अभिलेखात नोंद घ्यावी. पोच घ्या. महिन्याने काही झालं नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा की माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली. अर्जाने जे होत नव्हतं ते या प्रश्नाने फेब्रुवारीत झालं. निकाल लागल्या-लागल्या हे करायला हवं, कुणी आपणहून कळवत नाही.

कामाचं सांगते. कारागृहातून सुटलेल्यांसाठी सरकारी मदत असते असं ऐकून आम्ही एका कार्यालयात गेलो. अर्जावर शिक्षा भोगून सुटल्याचा दाखला जोडा असं होतं. मी निकाल दाखवला. तिथले गृहस्थ भले होते, त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘ताई, हे निर्दोष आहेत. ही योजना गुन्हेगारांच्या पुनर्वसनाची आहे.’’ बाहेर आल्यावर मामा हसला, सुटल्यापासून पहिल्यांदा. शिक्षा पूर्ण केलेल्या माणसासाठी निदान एक फॉर्म आहे. ज्याची शिक्षाच चुकीची होती त्याच्यासाठी सरकारकडे फॉर्म नाही, रजिस्टर नाही, आणि त्याची विचारपूस करायची जबाबदारी कुणाच्या टेबलावर नाही. वर्षभर सगळीकडे याच भिंतीला डोकं लागलं. मुंबईच्या बाजूला असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कारागृहातल्या आणि सुटलेल्या लोकांसोबत काम करतो, तिथे विचारा. आमच्या भागात तसं कुणी भेटलं नाही.

रखवालदाराची नोकरी चारित्र्य पडताळणीवर अडली. शेवटी कामाला आला तो सुतारकामाचा दाखला. आमच्या पतसंस्थेचे एक सभासद फर्निचर करतात. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, कारण नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं. त्यांनी दाखला बाजूला ठेवला आणि मामाला एक चौकट करायला सांगितली. सांधा बसवून झाल्यावर गुण्या लावून पाहिला, आतून अंगठा फिरवला, म्हणाले उद्यापासून या. सहाशे रुपये रोज. मामा मोबाइलवर पैसे घेत नाही, रोख घेतो आणि मोजून मामीकडे देतो. मामा आत गेला तेव्हा दोन वर्षांचा होता तो मुलगा आता बारावीत आहे. दोघांना एकमेकांशी काय बोलावं कळत नाही, पण रविवारी तो डबा घेऊन कारखान्यात जातो आणि लवकर परत येत नाही.

भरपाईचं सगळे विचारतात. किती मिळाले? काही नाही. चुकीच्या शिक्षेबद्दल भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला, त्यात चुकीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालयं आणि भरपाईची शिफारस आहे. ती शिफारसच राहिली. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून भरपाई देण्याचं एक कलम संहितेत आहे, ३९९, त्यातली कमाल रक्कम एक हजार रुपये. कोर्टं अधूनमधून देतात. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या रुदुल शाह यांना भरपाई दिली होती. ते १९६८ मध्ये निर्दोष ठरले आणि कारागृहातून बाहेर आले १९८२ मध्ये. आपल्याकडचं मोठं उदाहरण मार्च २०१९ चं. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या खटल्यातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना त्याच न्यायालयाने आधी फाशी कायम केली होती, मग निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. पण गुजरातमधल्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यातून २०१४ मध्ये निर्दोष सुटलेल्यांनी भरपाई मागितली तेव्हा २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने नकार दिला. तेव्हा ज्याच्या त्याच्या खटल्यावर आहे.

यातली एक गोष्ट मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. द्वेषबुद्धीने खटला चालवल्याबद्दल दिवाणी दावा करायचा तर निर्दोष सुटल्यापासून एका वर्षात करावा लागतो, आणि सरकारविरुद्ध असेल तर त्याआधी दोन महिन्यांची नोटीस. पहिलं वर्ष आधार आणि रेशनमध्ये जातं, तोवर मुदत संपत येते. आम्हाला हे मार्च २०२५ मध्ये जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कळलं. माणूस कोठडीत असताना मोफत वकील मिळतो, सुटल्यावर तो निकष जातो. मग उत्पन्नाचा दाखला लावावा लागतो, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना तोही लागत नाही. तिथल्या वकिलांनी निकाल वाचून स्पष्ट सांगितलं की दाव्यात पोलिसांची द्वेषबुद्धी सिद्ध करावी लागेल, नुसता पुरावा कमी पडला एवढं पुरत नाही. त्यापेक्षा भरपाईसाठी थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करा, असं ते म्हणाले. घरात यावर बरंच बोलणं झालं. मामाला पुन्हा कोर्टाचं तोंड बघायचं नव्हतं. मामी म्हणाली, ‘‘जमीन माझ्या सासऱ्याची होती. कुणीतरी विचारायला नको का?’’ याचिका मे महिन्यात दाखल झाली.

एक पैसा मात्र आम्ही सरकारकडून परत आणला. निकालाच्या शेवटी एक ओळ असते, दंड भरला असल्यास परत करावा. ती कुणी वाचत नाही. मामीने २०१२ ची दंडाची पावती देव्हाऱ्यामागच्या डब्यात ठेवलेली होती, घड्यांवर फाटलेली, शाई उडालेली. ती, नक्कल आणि खात्याचा तपशील जोडून सत्र न्यायालयात अर्ज दिला. तो हिशोबाच्या टेबलावर, तिथून कोषागाराकडे, परत एका त्रुटीसाठी आमच्याकडे, असा फिरत राहिला. नावातला ‘ऊर्फ’ इथेही आडवा आला. एप्रिल २०२५ मध्ये मामाच्या खात्यात ५,००० रुपये जमा झाले, व्याज नाही. त्यातून त्याने स्वतःचा रंधा आणि पटाशांचा संच घेतला.

वकिलाची फी सोडून वर्षाचा कागदांचा खर्च, नकला, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, एसटी, सगळं धरून पंधरा हजारांच्या आसपास गेला. सगळ्यात स्वस्त होती ती पोच, आणि सगळ्यात जास्त उपयोगी तीच पडली. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन नंबर १५१०० आहे, तो देशभर चालतो.

याचिकेला नंबर पडलाय, पहिली तारीख लागायची आहे. चारित्र्य पडताळणीचा नवा अर्ज मागच्या आठवड्यात भरला. त्यात गुन्हा आधी नोंद झाला होता का या रकान्यात ‘होय’ लिहून खाली अपिलाचा क्रमांक आणि निर्दोष मुक्ततेची तारीख घातली आहे. काय उत्तर येतं ते कळलं की इथेच खाली जोडेन.